विंडोजची बॅच फाइल: दिवाळी अंकांच्या हंगामात वापरून आलेला अभिप्राय

सांगलीत गणपती पेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल ही वर्षभराची कामं. जूनपासून दसऱ्यापर्यंत मात्र दिवाळी अंक. एका अंकाला साठ-सत्तर फाइली येतात आणि त्यातली प्रत्येक दोन-तीनदा बदलून येते. 'कथा', मग 'कथा अंतिम', मग 'कथा हीच घ्या!'. कुठली फाइल कधी आली, मुद्रितशोधकाकडे कुठली गेली आणि रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर काय उतरलं, हे हाताने सांभाळणं जमेना तेव्हा २०१४ साली भाच्याने मला एक बॅच फाइल लिहून दिली. तेव्हापासून ती मीच वाढवत आणि दुरुस्त करत आले. खाली लिहिलंय ते सगळं त्या दुरुस्त्यांमधून शिकलेलं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच कराव्या लागतात.

वस्तू काय, ते आधी सांगते. नोटपॅडमध्ये एकाखाली एक आज्ञा लिहायच्या, फाइलच्या नावाला शेवटी बीएटी किंवा सीएमडी लावायचं, झाली बॅच फाइल. ती चालवणारा सीएमडी हा प्रोग्रॅम १९९३ च्या विंडोज एनटीपासून सोबत येतो आणि त्याची वळणं त्याहून जुन्या डॉसची आहेत. वेगळे पैसे नाहीत, काही उतरवून घ्यायचं नाही, ग्राहकाच्या दहा वर्षं जुन्या संगणकावरही चालते. माझ्यासारखीला ही फार मोठी गोष्ट आहे.

माझ्या फाइलचा सगळ्यात मोठा दोष मला सापडायला तीन हंगाम लागले. मागच्या महिन्याच्या फाइली जुन्या फाइलींच्या फोल्डरात हलवायच्या म्हणून तिच्यात चालू महिन्याच्या आकड्यातून एक वजा करणारी ओळ होती. जानेवारी ते जुलै काम चोख व्हायचं. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये काहीच हलायचं नाही आणि ऑक्टोबर लागला की पुन्हा सुरळीत. अंकाचं काम ऐन भरात असताना डिस्क भरत जायची आणि मला वाटायचं, फाइलीच जास्त आल्या असतील. खरं कारण असं, की 'सेट /ए' ही हिशेबाची आज्ञा शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरते. त्या पद्धतीत ० ते ७ एवढेच अंक. त्यामुळे ०७ चालतो, पण ०८ आणि ०९ हे तिच्या लेखी आकडेच नव्हेत. दहाला पुढे शून्य नाही, म्हणून ऑक्टोबर ठीक. उपाय एका ओळीचा आहे: आकड्याच्या आधी १ चिकटवायचा आणि १०० वजा करायचे. ०८ चे १०८ होतात, १०० गेले की साधे ८ उरतात. मला मागचा महिना हवा असतो म्हणून मी १०१ वजा करते, मग उत्तरापुढे शून्य लावून शेवटची दोन अक्षरं घेते. जानेवारीत उत्तर शून्य येतं, त्यासाठी एक वेगळी ओळ आहे. कुणी महिन्याऐवजी तारखेचा हिशेब करत असेल तर त्याची फाइल दर महिन्याच्या ८ आणि ९ तारखेला अडेल. हे दोन दिवस मुद्दाम तपासून पाहा.

तीन हंगाम का लागले, तर मी आयकॉनवर दोनदा क्लिक करून फाइल चालवायची. काळी खिडकी उघडते, चूक लिहून दाखवते आणि काम संपलं म्हणून लगेच मिटते. आकडा अवैध आहे हे ती दर वेळी सांगत होती, वाचायला मी तिथे नव्हते. भाचा सुट्टीत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "मावशी, आधी एको ऑफ काढ." फाइलच्या पहिल्या ओळीतलं 'एको ऑफ' काढलं की प्रत्येक आज्ञा चालण्याआधी पडद्यावर उमटते, तीही टक्क्यांच्या चिन्हांमधल्या चलांच्या (किंमत साठवायच्या नावांच्या) जागी खऱ्या किमती भरलेली. बिघाड शोधायला यापेक्षा चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. दुसरं म्हणजे आधी सीएमडीची खिडकी उघडायची आणि तिथून फाइलचं नाव टाइप करून चालवायची. मग खिडकी मिटत नाही, चुकीची ओळ शांतपणे वाचता येते.

तारखेचं दुखणंही याच्याच शेजारचं. 'डेट' या चलातून मी अक्षरं मोजून वर्ष, महिना, दिवस काढायची. आमच्या जुन्या संगणकावर तारीख १५-०८-२०१९ अशी यायची. सातव्या अक्षरापासून चार घेतली की वर्ष. नवीन संगणक आला, त्यावर अमेरिकी मांडणी होती आणि पुढे वारही होता. तीच मोजणी त्या तारखेवर लावली तर वर्षाच्या जागी दोन तिरक्या रेघा आणि त्यांच्यामध्ये १५ येतो, आणि दिवसाच्या जागी वाराची पहिली दोन अक्षरं. तिरक्या रेघांचं फोल्डर होतच नाही. म्हणून 'डेट'वर कधी विसंबू नका. तारीख पॉवरशेलकडून (विंडोजमधलाच, आज्ञा चालवणारा नवा प्रोग्रॅम) मागून घ्या: 'गेट-डेट'ला वर्ष-महिना-दिवस अशी मांडणी सांगायची. त्यात महिन्याचे एम मोठे लिहायचे, छोटे लिहिले तर मिनिटं येतात. पूर्वी याच कामाला 'डब्ल्यूएमआयसी' हे साधन वापरायचे, पण विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ते आपोआप मिळत नाही, तेव्हा नवीन फाइलमध्ये ते घालू नये.

आता मराठी नावांबद्दल, कारण हे कुणी नीट सांगत नाही आणि आपल्याला रोज लागतं.

फाइलींची देवनागरी नावं विंडोज व्यवस्थित सांभाळतं. सीएमडी आतून तीच नावं घेऊन चालतो. साधा 'फॉर' (एकच काम प्रत्येक फाइलवर करणारी आज्ञा) लावून फोल्डरमधल्या सगळ्या टीएक्सटी फाइली एकेक घेतल्या तर देवनागरी नाव जसंच्या तसं पुढे जातं. खिडकीत मात्र चौकोन दिसतात, कारण त्या खिडकीच्या फाँटमध्ये आपली अक्षरं नाहीत. पहिल्यांदा ते चौकोन पाहून नावं बिघडली म्हणून मी घाबरले होते. नावं शाबूत असतात, फक्त दिसत नाहीत. पण तुम्ही आधी 'डिर /बी' करून यादी काढली आणि ती यादी ओळीओळीने वाचणाऱ्या 'फॉर /एफ'ला दिली, तर यादी मध्ये कोडपेजच्या, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्याच्या, चाळणीतून जाते. कोडपेज जुनं असेल तर प्रत्येक देवनागरी अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं आणि पुढची आज्ञा 'फाइल सापडत नाही' म्हणते.

मग साधा 'फॉर'च का वापरू नये? कारण नावं बदलताना तो फसवतो. मी आलेल्या लेखांच्या नावापुढे अंकाचा क्रमांक लावते. साधा 'फॉर' फोल्डर वाचत वाचत पुढे जातो, त्यामुळे नाव बदललेली फाइल पुढे नव्याने त्याच्या हाती लागू शकते आणि तिला क्रमांक दोनदा लागतो. 'डिर /बी'ची यादी आधी पूर्ण बनते, मग कामाला सुरुवात होते, म्हणून नावं बदलायला तीच पद्धत बरोबर. दोन्ही अडचणी एकदम सोडवायच्या तर फाइलच्या सुरुवातीला 'सीएचसीपी ६५००१' ही ओळ द्यायची, म्हणजे कोडपेज यूटीएफ-८, सगळ्या लिप्या सामावणारं, होतं. बॅच फाइलच्या आत मराठी शब्द लिहिले असतील तर तेही या ओळीनंतरच नीट वाचले जातात.

ती फाइल सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, पण बॉमशिवाय. बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण. ती असली की पहिल्या ओळीतली आज्ञा सीएमडीला ओळखू येत नाही आणि तीन विचित्र चिन्हांसकट चूक येते. २०१९ पासूनच्या नोटपॅडमध्ये बॉमशिवायचं यूटीएफ-८ आपोआप निवडलेलं असतं. त्याआधीच्या नोटपॅडमध्ये बॉम लागायचाच. तिथे मी पहिली ओळ रिकामी आज्ञा म्हणून खर्ची घालायची.

आणि एक खास आपला बिघाड. 'तिसऱ्या प्रुफानंतर' नावाची दोन फोल्डरं एकाच जागी दिसली. नावात अक्षराचाही फरक नाही, आणि एकाच नावाची दोन फोल्डरं एका ठिकाणी राहू शकत नाहीत हे मला माहीत होतं. बॅच फाइल 'फोल्डर आहे का' विचारायची, 'नाही' असं उत्तर मिळायचं आणि ती दुसरं बनवायची. अर्धी प्रुफं एकात, अर्धी दुसऱ्यात. कारण त्या अर्ध्या 'र'मध्ये होतं. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. दिसतं एकच, साठवलेली अक्षरं वेगळी. माझा कळफलक एका पद्धतीने टाइप करतो, दुकानातल्या मुलाचा दुसऱ्या. शोधणाऱ्या 'फाइंडएसटीआर'लाही हाच फरक पडतो: 'दुसऱ्या' शोधलं तर अर्धेच लेख सापडतात. तेव्हापासून बॅच फाइलला ज्या फोल्डरांची नावं माहीत असावी लागतात ती मी रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवते. मराठी नावं फक्त लेखांना.

लांबीचाही हिशेब मराठीत वेगळा पडतो. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे आणि त्यात काना, वेलांटी, हलंत हे प्रत्येकी एक धरले जातात. 'स्मरणिका' डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द, तिथे आठ. लेखकाने कथेचं पूर्ण वाक्यभर नाव फाइलला दिलेलं असतं, वर आपली चार फोल्डरं. 'कॉपी' आणि 'एक्सकॉपी' या नकला करणाऱ्या आज्ञा अशा फाइलींपाशी थांबतात. 'रोबोकॉपी' थांबत नाही.

रोबोकॉपीबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचं आहे. विस्टापासून ती विंडोजमध्येच येते. फक्त बदललेल्या फाइली उचलते, डिस्क मध्ये अडखळली तर पुन्हा प्रयत्न करते आणि शेवटी किती फाइली गेल्या याचा तक्ता देते. तिचं उत्तर वाचायला मात्र शिकावं लागतं. इतर आज्ञांमध्ये शून्य म्हणजे यश, बाकी सगळं अपयश. इथे ० म्हणजे नवीन काहीच नव्हतं, १ म्हणजे फाइली उतरल्या, आणि ८ पासून पुढे खरी चूक. त्यात हे उत्तर तपासणाऱ्या 'इफ एररलेव्हल १' याचा अर्थ 'एक किंवा त्याहून मोठा' असा आहे. माझी फाइल प्रत्येक यशस्वी बॅकअपनंतर 'बॅकअप झाला नाही' असं लाल अक्षरांत सांगायची. १ च्या जागी ८ केला आणि ते थांबलं.

तिच्या '/एमआयआर' या पर्यायाने माझं एकदा मोठं नुकसान झालं, ती चूक पूर्ण माझी होती. हा पर्याय उजवीकडची जागा डावीकडच्या जागेसारखी हुबेहूब करतो, म्हणजे डावीकडे नसलेलं उजवीकडून पुसतो. नवीन हार्ड डिस्क आणली त्या दिवशी मी दोन्ही पत्त्यांची अदलाबदल केली. डावीकडे कोरी डिस्क, उजवीकडे चालू अंकाचं फोल्डर. काही सेकंदांत तीन दिवसांची जुळणी गेली. या वाटेने पुसलेल्या फाइली रिसायकल बिनमध्ये जात नाहीत. ईमेलवर गेलेली प्रुफं आणि कागदावरच्या प्रती जमवून आम्ही दोघांनी दोन रात्री बसून ते पुन्हा लावलं. आता पत्ता बदलला की मी पहिल्यांदा '/एल' लावूनच चालवते. त्यात रोबोकॉपी काय करणार ते फक्त लिहून दाखवते, हात कशालाही लावत नाही. पुसणारी 'डेल' आणि नाव बदलणारी 'रेन' यांना असा पर्याय नाही, म्हणून त्यांच्या आधी 'एको' शब्द लिहायचा. आज्ञा पडद्यावर छापली जाते, चालत नाही. यादी वाचून खात्री झाली की 'एको' काढायचा.

फोल्डर बदलणाऱ्या 'सीडी'बद्दलही एक सूचना. ड्राइव्ह वेगळा असेल तर '/डी' लावल्याशिवाय 'सीडी' तिकडे जात नाही, आणि न जाता पुढच्या ओळी मात्र चालू राहतात. पुढची ओळ 'डेल' असेल तर ती जिथे उभी असेल तिथलं पुसेल. फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली तर ती विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात उभी असते. म्हणून 'सीडी /डी'नंतर दोन उभ्या रेघा आणि 'एक्झिट /बी १' घालाच: जाता आलं नाही तर तिथेच थांब.

उद्गारचिन्हाचा त्रास आमच्याकडे फार, कारण लेखक नावातच ते देतात. लूपच्या (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या आज्ञांच्या) आत बदलत जाणारं चल वाचायचं तर 'डिलेड एक्स्पान्शन' चालू करावं लागतं. ते का, तर गोल कंसातला सगळा भाग सीएमडी एकदाच वाचतो आणि टक्क्यांमधल्या किमती तेव्हाच भरून टाकतो, त्यामुळे मोजणी शून्यावरच अडकलेली दिसते. पण ते चालू असताना नावातलं उद्गारचिन्ह गायब होतं आणि 'कथा हीच घ्या!' ही फाइल सापडत नाही. नाव आधी चलात घ्यायचं, 'डिलेड एक्स्पान्शन' त्यानंतर चालू करायचं आणि फेरी संपताना 'एंडलोकल'ने बंद करायचं. हा क्रम सांभाळला की चिन्ह टिकतं.

मजकुराच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: बॅच फाइलला मजकुराच्या आत हात घालू देऊ नका. 'फॉर /एफ' रिकाम्या ओळी गाळतो आणि अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळीही गाळतो. मी दुहेरी जागा काढायला त्यातून कविता घातल्या. बाहेर आल्या तेव्हा कडव्यांमधलं अंतर गेलेलं होतं, सगळी कविता एकसंध. कवीने प्रुफात पाहिलं म्हणून वाचलं, नाहीतर फर्मा तसाच छापून गेला असता. 'फाइंडएसटीआर /एन' लावून ओळींना क्रमांक देऊन रिकाम्या ओळी वाचवायची युक्ती आहे, पण दुसऱ्याच्या कवितेवर मी ती करणार नाही. हे काम पॉवरशेलचं. तिथेही वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे यूटीएफ-८ सांगावंच लागतं. विंडोजसोबतच्या ५.१ आवृत्तीत ते न सांगता बॉम नसलेली फाइल वाचली तर देवनागरीची रोमन कचकच होते, आणि > या बाणाने फाइलमध्ये उतरवलेला मजकूर यूटीएफ-१६ होतो.

फाइली नुसत्या जोडायला 'कॉपी /बी' उत्तम. '/बी' विसरलात तर शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटतं, जे मांडणीत चौकोन होऊन उगवतं. लेखांना ०१, ०२ असेच क्रमांक द्या, नाहीतर १ नंतर १० येतो. जोडलेली फाइल दुसऱ्या फोल्डरात ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तीही जोडली जाते.

बारीकसारीक आणखी पुष्कळ आहे. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून आलेल्या आज्ञेत अवतरणचिन्हं वळणदार असतात आणि वजाच्या जागी लांब रेघ. आमच्या धंद्यात ही वळणदार चिन्हं आपणच आवर्जून लावतो, सीएमडीला मात्र सरळच लागतात. खिडकीत टाइप करून पाहिलेला 'फॉर' फाइलमध्ये उतरवताना एका टक्क्याचे दोन करा. भाच्याने लिनक्सवरून पाठवलेल्या फाइलमध्ये ओळींचे शेवट वेगळे असल्याने ठरलेल्या खुणेच्या ओळीवर उडी मारणाऱ्या 'गोटू'ला ती खूण सापडेना, ते विंडोज पद्धतीचे करून घेतले. आपल्या फाइलला 'सॉर्ट' किंवा 'फाइंड' असं आज्ञेचंच नाव देऊ नका, ती आज्ञा बोलवायला जाल आणि फाइल स्वतःलाच बोलवत राहील. आणि ती चालू असताना उघडून सेव्ह करू नका, कारण सीएमडी ती डिस्कवरून तुकड्या-तुकड्याने वाचत असतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर फाइली हलवणं, उतरवणं, नावं देणं यासाठी चार. चूक सांगण्याच्या पद्धतीसाठी दोनच, कारण कुठल्या ओळीवर अडलं तो ओळीचा क्रमांक ती देत नाही. मजकुरासाठी एकही नाही. एखाद्याला आज कोरी सुरुवात करायची असेल आणि रोजच्या कामात मजकूर तपासणं असेल, तर त्याने थेट पॉवरशेल शिकावं. माझ्यासारखं फोल्डर, प्रुफं, बॅकअप एवढंच असेल तर बॅच फाइल पुरते.

यंदाची माझी फाइल ५२ ओळींची आहे. मजकुराची दोन कामं त्यातून काढून पॉवरशेलला दिली. रात्री दुकान मिटताना मुलगा ती चालवतो, तिची नोंद तारखेच्या नावाने एका फाइलमध्ये जाते, चुकांसकट. सकाळी चहा येईपर्यंत मी ती नोंद वाचते आणि मगच पहिलं प्रूफ उघडते.